हनुवटीवरची निळी सावली

दाढी कितीही घोटून केली, तरी हनुवटीवर आणि वरच्या ओठावर एक निळसर-हिरवट छटा उरतेच. वस्तरा केस कातडीच्या पातळीवर कापतो, पण त्याचं काळं मूळ आतच राहतं. वरून पाहताना ते काळं न दिसता निळसर दिसतं, कारण प्रकाशातला लालसर भाग त्या मुळाशी शोषला जातो आणि निळसर भाग कातडीतच विखरून परत येतो. पुरुषाला या छटेचं काही वाटत नाही. पण जिला पुरुषाचा देह मिळाला आणि जगायचं आहे स्त्री म्हणून, तिच्या साजशृंगारातली पहिली अडचण नेमकी हीच. काजळ आणि कुंकू नंतरचं. महाराष्ट्रात ही अडचण नवी नाही. ती सोडवण्याच्या दोन जुन्या रीती इथे होत्या. एक नाटकाच्या रंगपटात वाढली, दुसरी हिजड्यांच्या घराण्यांत. पहिली सावली झाकायची, दुसरी ती मुळातून उपटून काढायची. पहिलीला रंगाची विद्या म्हणावं, दुसरीला त्वचेची. दोन्ही एकाच काळात, कधी कधी एकाच शहरात नांदल्या. तरी एकीच्या वाट्याला मानपत्रं आली आणि दुसरीच्या वाट्याला पोलीस. या फाळणीची किंमत आजची ट्रान्स स्त्री स्वतःच्या चेहऱ्यावर मोजते आहे, असं माझं म्हणणं आहे.

रंगाच्या विद्येचा इतिहास आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक आहे, कारण तो अभिमानानं सांगितला गेला. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं तेव्हापासून मराठी रंगभूमीवरच्या बहुतेक स्त्रिया पुरुषांनीच उभ्या केल्या. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं आणि स्त्रीपार्टी नट हा संगीत नाटक मंडळीचा कणा झाला. तमाशाच्या फडातला नाच्या पोऱ्या तर त्याही आधीचा. रंगपटातलं सामान गावठी होतं: सफेदा, पिवडी, काव, हिंगूळ, मुरदाडशिंग, काजळ. सफेद्यात पिवडी आणि काव मिसळून अंगकांतीचा रंग करायचा, हिंगुळानं गाल आणि ओठ. यातली काव, म्हणजे लालसर माती, मला फार महत्त्वाची वाटते. नुसता सफेदा निळ्या छटेवर लावला की राखेसारखा दिसतो. त्यात लाल-नारिंगी मिसळला की निळेपणा मरतो. आज बाजारात नारिंगी ‘करेक्टर’ म्हणून जी डबी मिळते, तिच्यामागचं तत्त्व हेच. १८७३ मध्ये बर्लिनच्या लुडविग लाइश्नरनं चरबीत कालवलेल्या रंगांच्या क्रमांक घातलेल्या कांड्या काढल्या. घामानं न ओघळणारा हा रंग जगभरच्या रंगपटांत पसरला आणि पाण्यात किंवा तेलात खलायचे रंग हळूहळू मागे पडले.

या विद्येचं शिखर अर्थातच नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत आले, १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली आणि भामिनी, रुक्मिणी, सिंधू या भूमिकांनी महाराष्ट्राच्या डोळ्यांना स्त्रीच्या रूपाचं एक माप घालून दिलं. घरंदाज स्त्रिया त्यांच्यासारखं लुगडं नेसू लागल्या, त्यांच्यासारखे केस बांधू लागल्या, हे त्या काळाबद्दल लिहिणाऱ्या बहुतेकांनी नोंदवलं आहे. जन्मानं पुरुष असलेल्या माणसानं केलेला शृंगार बायकांनी नक्कल करण्याजोगा मानला, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. शृंगार शिकता येतो, शिकवता येतो आणि त्यावर जन्माची मक्तेदारी नसते, हे या समाजानं कृतीतून मान्य केलं होतं. तत्त्व म्हणून उच्चारलं नाही, एवढंच.

पण रंगपटाच्या विद्येला एक मोठी मर्यादा होती आणि तिच्याकडे गौरवाच्या भरात दुर्लक्ष होतं. ती रात्रीची विद्या होती. तेलाचे दिवे, मग गॅसबत्त्या, मग विजेचे झोत; समोरचा प्रेक्षक दहा-वीस हातांवर. अशा उजेडात आणि अशा अंतरावर जाड थर खपतो, किंबहुना लागतोच, कारण पातळ रंग दिव्यात वाहून जातो. नाटक संपलं की खोबरेल तेलानं चेहरा पुसायचा आणि नारायणराव म्हणून घरी जायचं. तोच थर सकाळी अकरा वाजता भाजी घ्यायला जाताना लावला, तर हातभर अंतरावरचा माणूस तो ओळखतो. शिवाय रोजच्या रोज बारा तास लावून ठेवायला हे रंग घातकच होते. सफेदा आणि मुरदाडशिंग म्हणजे शिसं, हिंगूळ म्हणजे पारा. जपानात काबुकीतला स्त्रीभूमिका करणारा नामवंत नट नाकामुरा फुकुसुके १८८७ मध्ये सम्राटासमोरच्या प्रयोगात थरथरू लागला. कारण शिशाची विषबाधा असल्याचं निघालं, आणि तिथे बिनशिशाच्या पांढऱ्या रंगाचा शोध गांभीर्यानं सुरू झाला. प्रतिष्ठित नटाचा आजार हा सार्वजनिक प्रश्न होऊ शकतो, याचं हे उदाहरण. ज्यांना प्रतिष्ठाच नव्हती त्यांच्या कातडीचं काय झालं, याची अशी नोंद कुठे शोधायची?

हिजड्यांच्या घराण्यांतली विद्या याच कारणामुळे वेगळ्या वाटेनं गेली असावी. तिला दिवसाच्या उजेडात, दारात, बाजारात, लग्न-बारशाच्या घरी बधाई मागायला उभं राहायचं होतं. तिथे रंग पुरा पडत नाही. म्हणून वस्तऱ्याऐवजी चिमटा आला. गुरूच्या घरी चेल्यानं चिमट्यानं एकेक केस उपटायला शिकायचं, ही रीत हिजडा समाजाचा अभ्यास करणाऱ्यांनी हैदराबादेसारख्या ठिकाणी तपशिलानं नोंदवली आहे. वस्तरा लावला की केस राठ होतात, असा त्यामागचा समज. हा समज खरा नाही. १९२८ मध्ये मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंनी मोजमाप करून दाखवलं की दाढी केल्यानं केसाची जाडी वा वाढ बदलत नाही; कापलेलं टोक बोथट असतं म्हणून तो राठ लागतो. पण समज चुकीचा असला तरी रीत निर्बुद्ध नव्हती. केस मुळासकट निघाला की आतलं काळं मूळच राहत नाही आणि निळी सावलीही काही आठवडे राहत नाही. रंगपट ज्या छटेवर थर चढवत होता, ती चिमटा जागेवरूनच हटवत होता. त्याची किंमतही होती. उपटलेला केस पुन्हा येताना कधी कातडीच्या आतच वळतो, पुळी येते, पुळीचा डाग पडतो, आणि गव्हाळ-सावळ्या कातडीवर तो महिनोन्‌महिने जात नाही. याहून जुना उपाय सुश्रुतसंहितेत आहे: शंखाचं चूर्ण दोन भाग, हरताळ एक भाग, आंबट कांजीत वाटून लेप. केस खरोखर झडतात, कारण हरताळातला गंधक आणि चूर्णातला क्षार मिळून केसाला विरघळवतात. पण हरताळ म्हणजे सोमलाचंच भावंड, आणि तो लेप आज कुणीही लावता कामा नये.

जोगत्यांचं प्रकरण याहून थोडं निराळं. सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेला जोगता लुगडं नेसतो, कुंकू लावतो, हातात हिरव्या बांगड्या भरतो, कपाळी देवीचा भंडारा घेतो. तिथे चेहरा स्त्रीसारखा ‘दिसावा’ अशी फारशी अट नाही. भंडारा लागला की समाज पाया पडतो, मग हनुवटीवर खुंट दिसोत वा न दिसोत. राजन गवस यांच्या ‘भंडारभोग’नं या जगण्याची दुसरी, होरपळलेली बाजू मराठी वाचकांसमोर आणली आहे. इथे मुद्दा एवढाच की देवीचं छत्र होतं तिथे शृंगाराला कौशल्याची परीक्षा द्यावी लागली नाही. छत्र नव्हतं तिथे ती रोज द्यावी लागली.

आता कायद्याकडे येऊ, कारण माझ्या म्हणण्याचा खरा पुरावा तिथे आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आपल्याकडे भटक्या-विमुक्तांच्या संदर्भात माहीत असतो. त्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी होता, हे कमी लोकांना ठाऊक आहे. वायव्य प्रांत, अवध आणि पंजाब हे त्याचं मुख्य क्षेत्र. त्यानुसार नोंदवहीत नाव असलेला हिजडा स्त्रीच्या वेषात किंवा स्त्रीचे अलंकार घालून रस्त्यावर दिसला, रस्त्यावरून दिसावं अशा बेतानं कुठे उभा राहिला, किंवा पैसे घेऊन नाचला-गायला, तर वॉरंटाशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. चोरी वा मारहाण सिद्ध होण्याची गरज नव्हती. शृंगार हाच गुन्हा. पोलिसांनी केस कापल्याच्या, बायकी कपडे आणि दागिने उतरवल्याच्या नोंदी आहेत. १९११ च्या नव्या कायद्यात हा भाग गळाला. पण हैदराबाद संस्थानानं १३२९ फसलीत, म्हणजे १९१९ मध्ये, जवळजवळ त्याच शब्दांचा स्वतःचा कायदा केला. तेव्हा औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे सगळे जिल्हे हैदराबाद संस्थानात होते. म्हणजे मराठी मुलखावर राज्य करणाऱ्या एका सरकारचाही हा कायदा होता.

१९१९ या सालापाशी थोडं थांबायला हवं. त्याच वर्षी ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं आणि सिंधूच्या भूमिकेतल्या बालगंधर्वांनी मराठी माणसाला रडवलं. त्याच वर्षी मुंबईत पाटणवाला यांनी ‘अफगाण स्नो’ बाजारात आणलं आणि चेहऱ्याला लावायचं तयार देशी क्रीम मध्यमवर्गीय घरांत शिरलं. आणि त्याच वर्षी, मराठी बोलणारा मराठवाडा ज्या संस्थानात होता तिथे, एका विशिष्ट माणसानं बायकी कपडे घालून रस्त्यावर येणं तुरुंगाचं कारण ठरलं. लुगडं तेच, काजळ तेच, कुंकूही तेच. फरक एवढाच की एकानं खेळ संपल्यावर ते उतरवायचं कबूल केलं होतं आणि दुसऱ्याला ते उतरवायचं नव्हतं.

इथे एक आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. स्त्रीपार्टी नट ट्रान्स स्त्रिया नव्हते. ते संसारी पुरुष होते, पोटासाठी आणि कलेसाठी भूमिका करत होते. त्यांना आजच्या ओळखीच्या चौकटीत ओढणं म्हणजे त्यांच्यावर आणि इतिहासावर अन्याय. हे मला पूर्ण मान्य आहे. बालगंधर्वांच्या मनात काय होतं याबद्दल मी काहीही म्हणत नाही. तो अधिकार कुणालाच नाही. मी म्हणतो ते हातांबद्दल आणि डब्यांबद्दल आहे. पुरुषी हाडाच्या चेहऱ्याला मऊपणा कसा द्यायचा, निळी छटा कशी मारायची, रुंद खांदा पदरानं कसा झाकायचा, हे तंत्र करणाऱ्याच्या मनावर अवलंबून नसतं. ते तंत्र एका घरात कला म्हणून जपलं गेलं आणि शेजारच्या घरात त्याला लांछन म्हटलं गेलं, ही वस्तुस्थिती दोन्ही घरांतली माणसं वेगळी होती म्हणून बदलत नाही. उलट तिच्यामुळे समाज नेमका कशाला भीत होता ते उघड होतं. त्याला रंगाची भीती नव्हती. रंग न उतरवणाऱ्या माणसाची होती.

दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेनं येतो. ब्रिटिशांनी सगळं बिघडवलं आणि आधी सगळं आलबेल होतं, असं चित्र रंगवणं सोपं आहे. तसं नव्हतं. मात्र एक गोष्ट कागदोपत्री आहे: मराठी राजवटीत दख्खनमध्ये हिजड्यांना सनदांनी दिलेले हक्क होते, आणि ते गुरूकडून चेल्याकडे जात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबई सरकारनं हे हक्क पुढे चालू द्यायला नकार दिला. याचा पैशापलीकडचा परिणाम मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्या घराला वारसाहक्क असतो, त्याला विद्येचाही वारसा असतो. चेला गुरूच्या घरी राहतो कारण पुढे ते घर त्याचं होणार असतं. उत्पन्नाचा आधार तुटला आणि उत्तरेत व हैदराबादेत वेषावरच बंदी आली, की विद्या चोरट्यासारखी, तुकड्यातुकड्यांनी जाते. ती लिहिली जात नाही, तिच्यात दुरुस्ती होत नाही. वस्तऱ्यानं केस राठ होतात हा समज शंभर वर्षं तसाच राहिला तो यामुळेही. रंगपटाच्या विद्येत मात्र नवी सामग्री येत गेली. सफेद्याऐवजी झिंक ऑक्साइड आलं, कांड्या आल्या, नंतर ट्यूबा आल्या. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’नं स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांकडे दिल्या, आणि हे योग्यच झालं. पण त्याबरोबर पुरुषाच्या चेहऱ्यावर स्त्री उभी करण्याची कला हळूहळू स्मरणग्रंथांत गेली. चिमट्याच्या घराला ती कुणी दिली नाही.

परिणाम आज दिसतो. विशीतली ट्रान्स मुलगी गावातून पुण्या-मुंबईला येते तेव्हा तिच्या हाती ना रंगपटाचं ज्ञान असतं, ना डॉक्टरचं. चिमट्यानं पुळ्या, पुळ्यांनी काळे डाग, डागांवर कुणीतरी सांगितलेलं गोरं करणारं मलम. अशा कित्येक मलमांत तीव्र स्टेरॉइड असतं. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल होते, पुरळ उठतं. आणि सगळ्यात क्रूर भाग म्हणजे चेहऱ्यावर लव वाढू शकते. जे घालवायला मलम आणलं, तेच ते उगवतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी बरीच मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती सहज मिळतात. दुसरीकडे, शास्त्रानं केसाच्या मुळाचा प्रश्न केव्हाच सोडवायला घेतला होता. १८७५ मध्ये सेंट लुईच्या चार्ल्स मिशेल या नेत्रतज्ज्ञानं डोळ्यात घुसणाऱ्या पापणीच्या केसांसाठी विजेच्या सुईचा उपाय प्रसिद्ध केला. एकेक मूळ कायमचं नष्ट करणारी ती सुई म्हणजे चिमट्याचंच सुधारलेलं रूप. लेझर काळ्या केसांवर चांगला चालतो, पण सावळ्या कातडीसाठी लांब तरंगलांबीचा, १०६४ नॅनोमीटरचा, निवडावा लागतो. नाहीतर केसाबरोबर कातडीही भाजते. संप्रेरकांच्या औषधांनी कातडी मऊ आणि कोरडी होते, पण एकदा उगवलेली दाढी जात नाही. हे सगळं पुस्तकांत आहे. चिमट्याच्या घरापर्यंत ते पोचायला पैसा लागतो आणि डॉक्टरच्या दारात अपमान होणार नाही अशी खात्री लागते.

तिसरा आक्षेप स्त्रीवादी मैत्रिणी घेतात आणि तो मला सगळ्यात जड वाटतो. बाईपण म्हणजे पावडर आणि लाली का? शतकानुशतकं बायकांना ज्या आरशापुढे डांबलं, त्याच आरशापुढे या का बसतात? बाईपण रंगात नाही, हे खरंच. कुणा ट्रान्स स्त्रीनं दाढीच्या खुंटासकट लुगडं नेसलं, तरी तिच्या स्त्रीपणात तसूभरही उणं येत नाही. जोगत्यांनी ते दाखवूनच दिलंय. पण आरशापुढे बसण्याची सक्ती आणि आरशापुढे बसण्याची बंदी या दोन वेगळ्या जुलमांचा इतिहास एकच नाही. पहिला जुलूम ज्यांनी सोसला त्यांचं आरसा नाकारणं हे स्वातंत्र्य आहे. ज्यांना बांगडी भरल्याबद्दल तुरुंगाची तरतूद होती, त्यांच्यासाठी बांगडी भरणं हे स्वातंत्र्य असू शकतं. शिवाय रस्त्यावरची टवाळी, भाड्याची खोली नाकारली जाणं, लोकलच्या डब्यात रोखलेले डोळे, हे निळ्या सावलीनं ठरतं. ती झाकणं ही कित्येकींसाठी हौसेआधी सुरक्षिततेची बाब आहे. त्यांना आधी निर्धास्तपणे चालू द्यावं. आरशाबद्दलचा वाद मग बरोबरीनं घालता येईल.

राहता राहिला फसवणुकीचा आरोप, जो आजही गल्लीत ऐकू येतो. त्यावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. ज्या महाराष्ट्रानं रुक्मिणीच्या पदराची नक्कल केली, त्याला आपण फसलो असं कधी वाटलं नाही.

सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ रोजी नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) प्रकरणात, आपलं लिंग कोणतं हे ठरवण्याचा आणि ते वेषातून, वागण्यातून व्यक्त करण्याचा हक्क मान्य केला. हैदराबादेचा १९१९ चा कायदा तरीही तेलंगणाच्या कायदेपुस्तकात होता; तिथल्या उच्च न्यायालयानं तो जुलै २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवला. म्हणजे दोन्ही विद्या एकत्र बसवायला आता कायद्याची आडकाठी नाही. बसवल्या तर त्यातून निघणारं शिक्षण फार साधं आहे. गरम पाण्यानं केस मऊ करून, केसाच्या दिशेनं, नव्या पात्यानं दाढी. तिच्यावर लगेच रंग न लावता आधी ओलावा धरणारं साधं क्रीम. मग सावली आहे तेवढ्याच जागी नारिंगी रंगाचा पातळ थर, सावळ्या कातडीला थोडा लालीकडे झुकलेला. हा जुन्या कावेचाच वारस. त्यावर आपल्या कातडीचा रंग, चोळून नाही, थापून. चोळला की खालचा नारिंगी वर येतो आणि सगळं मातकट दिसतं. वर पावडर. दिवसा बाहेर पडताना सनस्क्रीन, कारण पुळीचा डाग उन्हानं आणखी काळा पडतो. रात्री सगळं उतरवायचं, तेलानं आणि मग सौम्य साबणानं. चिमटा शक्यतो नको. जमेल तेव्हा सुई किंवा लेझर, पण सावळ्या कातडीचा अनुभव असलेल्या डॉक्टरकडेच. नाटकाच्या रंगभूषाकारांना यातला अर्धा भाग हातचा मळ आहे आणि उरलेला त्वचारोगतज्ज्ञांना. दोघांनी मिळून तो घराण्यांतल्या गुरूंसोबत बसून, त्यांना ठाऊक आहे ते ऐकून घेत, मराठीत लिहून काढावा आणि सौंदत्तीच्या जत्रेपासून भायखळ्याच्या गल्लीपर्यंत वाटावा.